पीतपिंड वाचवायला वेदनाशामक?

प्रश्न (ओळख पटेल असा तपशील वगळून): लिहिणाऱ्या वाचक ३३ वर्षांच्या आहेत, व्यवसायाने पशुवैद्य. वर्षाहून अधिक काळ मूल व्हावं म्हणून प्रयत्न चालू आहेत. कंबरेच्या मणक्यांचा दाह जुना आहे, त्यासाठी बहुतेक रोज नेप्रॉक्सेन घ्यावं लागतं. पाळीत पोट फार दुखलं की वरून मेफेनॅमिक ॲसिडही घेतात. एकविसाव्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन (गर्भाशयाला गर्भासाठी तयार करणारं संप्रेरक) प्रत्येक वेळी चांगलं आलं, घरच्या तपासणीपट्टीवर एलएचची (स्त्रीबीज बाहेर पडण्याचा इशारा देणाऱ्या संप्रेरकाची) रेघ दर महिन्याला उमटते, तरी दिवस राहत नाहीत. मैत्रीण म्हणते, वेदनाशामकं बंद कर. त्यांना स्वतःला वेगळंच वाटतं (पीतपिंड म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडल्यावर अंडाशयात तयार होणारी, प्रोजेस्टेरॉन बनवणारी तात्पुरती ग्रंथी; प्रोस्टाग्लँडिन म्हणजे शरीरात जागोजागी बनणारी, दाह-वेदनांत भाग असलेली रसायनं): “गाईला प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन दिलं की पीतपिंड मोडतं आणि ती माजावर येते, हे माझ्या रोजच्या कामातलं. वेदनाशामकं तर प्रोस्टाग्लँडिन बनूच देत नाहीत. मग पहिल्या पंधरवड्यात गोळी बंद ठेवली आणि पट्टीवर रेघ आली की सुरू केली, तर माझं पीतपिंड जास्त दिवस टिकेल, गर्भाला रुजायला वेळ मिळेल. हे बरोबर आहे का? की दुखणं सोसून सगळंच बंद करू?”

उत्तर:

डॉक्टर, तुमच्या म्हणण्यातली दोन्ही विधानं खरी आहेत आणि त्यांतून काढलेला निष्कर्ष तरी चुकलेला आहे. गाईचं तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. वेदनाशामकांचंही बरोबर आहे. ॲस्पिरिनच्या जातीची औषधं प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती अडवतात हे औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. घोटाळा मधल्या उडीत आहे. गाईच्या अंडाशयाला प्रोस्टाग्लँडिन जिथून येतं आणि तिथे जे करतं, तेच तुमच्या अंडाशयातही होत असणार, हे तुम्ही न तपासता धरून चाललात. आधीच सांगून ठेवते, तुम्ही आखलेलं वेळापत्रक अमलात आणू नका. पट्टीवर रेघ उमटल्यानंतरचे दोन दिवस हेच महिन्यातले असे दिवस आहेत, की ज्यांत ही गोळी पोटात नसलेली बरी.

गाईत पीतपिंड मोडायचा हुकूम गर्भाशयातून सुटतो. चक्र संपत आलं आणि गर्भ नाही असं झालं, की गर्भाशयाचं अस्तर पीजीएफ-टू-अल्फा हे प्रोस्टाग्लँडिन झटक्याझटक्याने सोडू लागतं. गर्भाशयाकडून येणाऱ्या शिरेवर अंडाशयाची धमनी वेटोळी घालत चिकटून गेलेली असते, आणि हे रेणू शिरेतून थेट त्या धमनीत झिरपतात. सगळ्या शरीरातून फिरून यावं लागलं असतं, तर फुफ्फुसांनी वाटेतच त्यांतले बरेचसे मोडून टाकले असते. गर्भाशय काढून टाकलं तर हुकूम देणारंच राहत नाही, मग पीतपिंड नेहमीच्या मुदतीच्या किती तरी पुढे टिकतं. लिओ लोएब यांनी हे गिनिपिगमध्ये १९२३ सालीच पाहिलं होतं. वासराचा गर्भही याच जागी हस्तक्षेप करतो. इंटरफेरॉन-टाऊ नावाचं प्रथिन सोडून तो गर्भाशयाचा हा हुकूम सुटूच देत नाही.

माकडांत आणि माणसांत ही सगळी व्यवस्था नाही. १९६९ मध्ये ऱ्हीसस माकडिणींचं गर्भाशय काढून त्यांचं प्रोजेस्टेरॉन मोजलं गेलं. ते नेहमीसारखंच चढलं आणि नेहमीच्याच वेळी उतरलं. ज्या स्त्रियांचं गर्भाशय काढलंय पण अंडाशय ठेवलेत, त्यांच्यातही पाळी येत नाही एवढंच, अंडाशयाचं चक्र चालूच राहतं. १९७० च्या दशकात संशोधकांना मोठी आशा होती, की गाईसारखंच स्त्रीलाही प्रोस्टाग्लँडिन देऊन पीतपिंड मोडता येईल आणि महिन्यातून एकदाच घ्यायचं गर्भनिरोधक हाती लागेल. ते काही जमलं नाही. शिरेतून दिलं तर प्रोजेस्टेरॉन फार तर थोडा वेळ खाली यायचं आणि पुन्हा वर जायचं. मळमळ आणि पोटातल्या कळा मात्र भरपूर.

म्हणजे प्रायमेटच्या (माकडं आणि माणसं ज्या गटात येतात त्या प्राण्यांच्या) अंडाशयावर प्रोस्टाग्लँडिनचा जोर चालत नाही असं नाही. चालतो, पण त्याचा कारखाना अंडाशयाच्या आतच आहे आणि त्यातून एकच माल निघत नाही. पीजीएफ-टू-अल्फा थेट माकडिणीच्या पीतपिंडात सोडलं, तर प्रोजेस्टेरॉन पडतं आणि पाळी वेळेआधी येते. स्त्रियांतही पीतपिंडातच सुई टोचून दिल्यावर प्रोजेस्टेरॉन उतरल्याचं दिसलं आहे. इथवर तुमच्या बाजूचा पुरावा. मात्र त्याच पीतपिंडात पीजीई-टू, पीजीडी-टू आणि पीजीआय-टू ही भावंडंही बनतात, आणि ती उलट्या दिशेने ओढतात. माकडाच्या पीतपिंडातल्या पेशी बशीत वाढवून त्यांना ही दिली, तर त्या जास्त प्रोजेस्टेरॉन सोडतात. आणि जिवंत माकडिणीच्या पीतपिंडात पीजीएफ-टू-अल्फाच्या जोडीने पीजीई-टू सोडलं, तर मोडायला निघालेलं पीतपिंड वाचतं. मोडणारं आणि सांभाळणारं अशी दोन्ही प्रोस्टाग्लँडिनं एकाच जागी आहेत. गोळी त्यांच्यात निवड करत नाही, ती दोघांच्याही आधीची पायरी बंद करते.

तुम्हाला हवं ते करून पाहिलेला प्रयोगसुद्धा आहे. १९८८ मध्ये ऱ्हीसस माकडिणींच्या पीतपिंडात मेक्लोफेनॅमेट हे औषध बारीक पंपाने थेट सोडण्यात आलं. तुमच्या मेफेनॅमिक ॲसिडचं हे सख्खं नातलग. तुमच्या हिशेबाने पीतपिंड जास्त टिकायला हवं होतं. ते लवकर मोडलं. पंपाने पीतपिंडात सोडलेलं औषध आणि पोटातून घेतलेली गोळी यांत फरक आहे, त्यामुळे ‘गोळीने माझं पीतपिंड मोडत असेल’ असा घोर लावून घेऊ नका. पण ती घेतल्याने पीतपिंड टिकेल, या आशेला मात्र कुठेच आधार नाही.

(प्रायमेट म्हणजे सगळे एकसारखे, असंही समजू नका. मार्मोसेट या चिमुकल्या माकडाला क्लोप्रोस्टेनॉल हे कृत्रिम प्रोस्टाग्लँडिन स्नायूत टोचलं तरी पीतपिंड मोडतं, फक्त स्त्रीबीज बाहेर पडून आठवडाभर उलटलेला असावा लागतो. तुमच्या गाईलाही चक्राच्या पहिल्या पाचेक दिवसांत ते इंजेक्शन लागू पडत नाहीच. कोवळं पीतपिंड कुणाचंही असो, ऐकत नाही.)

तुमचं पीतपिंड दोन आठवडे उभं असतं ते प्रामुख्याने मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीकडून येणाऱ्या एलएचवर. दिवस राहिले, तर गर्भाभोवतीच्या पेशी एचसीजी सोडतात, ते एलएचच्याच जागी बसून पीतपिंडाला पुढे चालवतं, आणि सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास वार (प्लॅसेंटा) ते काम हातात घेते. आणि मला तुम्हाला खरं तर हे विचारायचंय: तुमचं प्रोजेस्टेरॉन दर वेळी चांगलं आलंय, मग पीतपिंडाला वाचवायची गरज आहे हे ठरलं कधी? गाईच्या उदाहरणाने तुमचं लक्ष पीतपिंडाकडे ओढलं आणि त्याच्या दोन दिवस आधी काय घडतं तिकडे गेलंच नाही, असं मला वाटतं. नेप्रॉक्सेनचा संबंध असलाच तर तो तिथे आहे.

एलएच एकदम उसळतं, पट्टीवर रेघ येते, आणि साधारण दीड दिवसाने फॉलिकल (स्त्रीबीज ज्यात वाढतं ती अंडाशयातली द्रवाची पिशवी) फुटून स्त्रीबीज बाहेर पडतं. या दीड दिवसात फॉलिकलमध्ये दोन कामं समांतर चालतात. पहिलं संप्रेरकांचं: फॉलिकलच्या आतल्या पेशी रूप पालटून प्रोजेस्टेरॉन बनवायला लागतात. दुसरं फुटण्याचं: एलएचच्या हुकमावरून याच पेशींत कॉक्स-टू हे विकर वाढतं, ते पीजीई-टू बनवतं, आणि फुटायची वेळ जवळ आली की फॉलिकलमधल्या द्रवात त्याची पातळी चढते. भिंत पातळ होणं, तिथल्या रक्तवाहिन्यांतले बदल, स्त्रीबीजाभोवतीच्या पेशींचा मोकळा होत जाणारा गुंता, या सगळ्यात पीजीई-टूचा हात असतो.

आता प्रोस्टाग्लँडिन अडवलं तर? दुसरं काम अडतं, पहिलं अडत नाही. १९७० च्या दशकातच इंडोमेथॅसिन हे याच जातीचं वेदनाशामक दिलेल्या ऱ्हीसस माकडिणींत हे दिसलं, आणि पुढे कॉक्स-टू अडवणाऱ्या औषधांनीही तेच दाखवलं. फॉलिकल फुटत नाही, स्त्रीबीज आतच अडकून राहतं, आणि बाहेरची भिंत तशीच असताना आतल्या पेशी पीतपिंडासारख्या होऊन प्रोजेस्टेरॉन सोडत राहतात. सोनोग्राफी करणारे याला ‘लफ’ (न फुटताच पीतपिंडासारखं झालेलं फॉलिकल) म्हणतात. स्त्रियांतही या जातीची औषधं त्या दिवसांत घेतल्यावर असं होताना दिसलं आहे. फॉलिकल उशिरा फुटतं किंवा फुटतच नाही. या वेदनाशामकांच्या माहितीपत्रकातही तशी सूचना असते, आणि दिवस राहायला अडचण येत असेल तर औषध थांबवण्याचा विचार करा, असंही लिहिलेलं असतं. कुणी वाचत नाही ती गोष्ट वेगळी. थांबवल्यावर हा परिणाम जातो.

हे कळल्यावर तुमचे अहवाल पुन्हा वाचा. पट्टीवरची रेघ सांगते, की एलएच उसळलं. फॉलिकल त्यानंतर फुटलं का, याबद्दल ती काहीच बोलत नाही. एकविसाव्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन सांगतं, की पेशींनी रूप पालटलं. फुटलेल्या फॉलिकलमध्येही ते वाढतं, न फुटलेल्यातही. सकाळी अंगाचं तापमान मोजून ठेवणाऱ्या वाचकांनीही हे लक्षात घ्यावं, तापमान चढतं ते प्रोजेस्टेरॉनमुळेच. ‘संप्रेरकं ठीक म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडलं’ हे इतकं अंगवळणी पडलेलं समीकरण आहे, की दवाखान्यातही ते फारसं कुणी तपासून घेत नाही. एरवी बहुतेक जणींत ते खरंही ठरतं. रोज नेप्रॉक्सेन घेणाऱ्या स्त्रीत ते खरं धरून चालू नये.

तुमच्या बाबतीत असंच होतंय, असं मात्र मी म्हणत नाही. रोज ही औषधं घेऊनही अनेकींना दिवस राहतात. (म्हणूनच कुणी वेदनाशामकाकडे गर्भनिरोधक म्हणून पाहू नये.) फॉलिकल फुटतंय की नाही हे प्रत्यक्ष पाहायचं, तर फॉलिकलची सोनोग्राफी हवी: फॉलिकल वाढताना दोन-तीनदा, आणि रेघ उमटल्यावर दोन दिवसांनी पुन्हा. ही तपासणी औषध थांबवलेल्या चक्रात करावी, असं मी सुचवेन. औषध चालू असताना एक चक्र आणि बंद असताना एक, अशी तुलना शास्त्राला आवडेल. पण वर्ष उलटून गेलंय, आणि नुसत्या कुतूहलापायी आणखी एक महिना घालवावा असं मला वाटत नाही.

थांबवायचं कसं, ते औषधागणिक बदलतं. आयब्युप्रोफेन काही तासांत शरीरातून जातं. नेप्रॉक्सेनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच १२ ते १७ तास लागतात, पूर्ण जायला तीनेक दिवस. पिरॉक्सिकॅम त्याहून कितीतरी चिवट. त्यामुळे रेघ उमटल्यावर नेप्रॉक्सेन थांबवून उपयोग नाही. २८ दिवसांचं चक्र असेल तर आठव्या-नवव्या दिवसापासून ते नको. आणि फॉलिकल फुटल्यावर लगेच पुन्हा सुरू करा, असंही मी म्हणणार नाही, कारण रुजण्याचे दिवस त्यानंतरचे. पाळी येईपर्यंत पॅरासिटामॉलवर निभावतंय का पाहा. ते याच्या तुलनेत अंडाशयातल्या प्रोस्टाग्लँडिनला फारसं धक्का लावत नाही. दाहावर मात्र त्याचा जोरही तेवढाच कमी.

पोटाला सोसावं म्हणून सेलेकॉक्सिब किंवा एटोरिकॉक्सिब घेणाऱ्या वाचकांना वाटेल, की आपलं औषध सौम्य. पोटासाठी असेलही. पण ही औषधं नेमकं कॉक्स-टू अडवतात, आणि फॉलिकल फुटायला लागणारं विकर तेच आहे. हृदयासाठी किंवा गर्भपाताच्या इतिहासामुळे डॉक्टरांनी दिलेलं कमी मात्रेचं ॲस्पिरिन ही निराळी गोष्ट. ते हा लेख वाचून कुणी बंद करू नये.

आता दुखण्याबद्दल, कारण ‘सोसून सगळंच बंद करू का’ हे तुमच्या पत्राच्या शेवटी एका ओळीत आलंय आणि माझ्या मते खरा प्रश्न तो आहे. पाळीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतली गोळी बंद करायचं काही कारण नाही. तिथे तर प्रोस्टाग्लँडिन हेच कळांचं मूळ आहे: प्रोजेस्टेरॉन उतरलं की गर्भाशयाचं अस्तर पीजीएफ-टू-अल्फा सोडतं आणि स्नायू आवळले जातात. पाळी आली आहे, म्हणजे बहुतेक वेळा दिवस राहिलेले नाहीत, आणि पुढचं फॉलिकल फुटायला अजून दहा-बारा दिवस आहेत. दुखणं शिगेला पोचायची वाट न पाहता सुरुवातीलाच घ्या. फक्त नेप्रॉक्सेनवर मेफेनॅमिक ॲसिड चढवू नका. एकाच जातीची दोन औषधं एकत्र घेतल्याने आराम फारसा वाढत नाही, पोटाचा आणि मूत्रपिंडाचा धोका वाढतो. आणि रोजच्या नेप्रॉक्सेननंतरही पाळी इतकी दुखत असेल, तर तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना एंडोमेट्रिऑसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची) शंका घ्यायला सांगा. दिवस न राहण्याचं ते स्वतंत्र कारण असू शकतं, आणि संप्रेरकांच्या अहवालात ते दिसत नाही.

मणक्याचं मात्र असं चार दिवसांत निभावणार नाही. खऱ्या दाहाचा आजार असेल आणि तुम्ही महिन्यातले वीस दिवस औषधाशिवाय काढायचे ठरवलेत, तर सकाळी ताठरलेल्या कंबरेने तुम्ही जनावरामागे उभ्या कशा राहणार? संधिवाततज्ज्ञांकडे जाऊन स्पष्ट सांगा, की मूल हवंय आणि प्रयत्नांना यश येत नाहीये. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही अशा स्थितीत ही वेदनाशामकं थांबवण्याचा सल्ला आहे, आणि गर्भधारणेच्या काळात चालणारी, दाह आवरणारी दुसरी औषधं उपलब्ध आहेत. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं कुणी ‘आधार’ म्हणून सुचवली, तर कशासाठी, हे विचारा. तुमचे आकडे पाहता त्यांची निकड मला दिसत नाही.

तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट मात्र मी आज सगळ्यात आधी करायला सांगेन. गाईंना देता ते डायनोप्रोस्ट किंवा क्लोप्रोस्टेनॉल कातडीतून सहज शरीरात शिरतं. अशा इंजेक्शनने स्त्रीचं पीतपिंड मोडत नाही असं वर म्हटलं. गर्भाशयाच्या स्नायूवर तो होतो आणि गर्भपाताचा धोका असतो, दम्याच्या रुग्णांत श्वासनलिकाही आवळू शकते. चक्राच्या दुसऱ्या पंधरवड्यात तुम्हाला दिवस गेलेत की नाहीत हे तुम्हालाच ठाऊक नसतं. त्या दिवसांत ही इंजेक्शनं सहकाऱ्याने भरावी आणि द्यावी, हे सर्वांत बरं. ते शक्यच नसेल तर हातमोजे चढवा, बाटलीतून ओढताना हवेत थेंब उडवू नका, हातावर सांडलं तर लगेच साबण-पाण्याने धुवा.

दिवस राहिले तर ही वेदनाशामकं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, आणि विसाव्या आठवड्यानंतर तर बाळाच्या मूत्रपिंडांवर आणि गर्भजलावर परिणाम होऊ शकतो म्हणून खास टाळायची.

राहता राहिलं एक. तुमच्या दोन पानी पत्रात प्रोजेस्टेरॉन आहे, एलएच आहे, गाय आहे, मैत्रीण आहे. नवऱ्याच्या तपासणीचा उल्लेख नाही. वीर्यतपासणी ही यातली सर्वांत सोपी तपासणी आहे आणि ती तुमच्या सोनोग्राफीआधी होऊन जायला हवी. ती झाली असेल आणि तुम्ही लिहायचं राहिलं असेल, तर अहवाल घेऊनच दोघं मिळून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. झाली नसेल, तर नेप्रॉक्सेनचा निकाल लागायची वाट न पाहता याच आठवड्यात करून घ्या.